अनुदान मागून येतं, हप्ता आधी सुरू होतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. हिंगोली जिल्ह्यातली एक मुलगी बीएस्सी ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. वडिलांच्या नावावर साडेतीन एकर, त्यातली दीड एकर हळद. तिला हळद पावडरचा छोटा उद्योग टाकायचा आहे आणि खर्च १८ लाख काढलाय. '३५ टक्के म्हणजे ६ लाख ३० हजार सरकार देणार, बाकीचं बँक देणार, मग आपल्याला घरून किती घालावे लागतील?' असं तिनं विचारलंय. धाकट्या भावाला यंदा अन्न तंत्रज्ञानाच्या बी.टेक.ला प्रवेश घ्यायचाय, त्याची फी कुठल्या योजनेत बसेल, हा दुसरा प्रश्न.

मी बँकेच्या ग्रामीण शाखांमध्ये शेती कर्जाच्या टेबलावर बावीस वर्षं काढली. आता त्याच फायली टेबलाच्या अलीकडे बसून बघतो. तेव्हा आधी तुमचा आकडा दुरुस्त करू.

तुम्ही म्हणताय ती योजना म्हणजे प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना, बोलण्यात पीएमएफएमई. जून २०२० मध्ये आली, केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के. आपल्याकडे कृषी विभाग राबवतो. अनुदान ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख, हे तुमचं बरोबर. पण ते ३५ टक्के 'पात्र प्रकल्प खर्चा'वर असतात, आणि लोक वाचताना नेमका 'पात्र' हा शब्द गिळतात. जमिनीची किंमत त्यात धरत नाहीत. खेळतं भांडवल धरत नाहीत. तांत्रिक बांधकाम धरतात, पण पात्र खर्चाच्या ३० टक्क्यांच्या आत. तुमच्या १८ लाखांत यंत्रं ९ लाखांची, शेडचं काम ३ लाखांचं आणि कच्चा माल, पॅकिंग वगैरेला ६ लाख. म्हणजे पात्र खर्च १२ लाख आणि अनुदान ४ लाख २० हजार. दोन लाख दहा हजार इथंच गळाले, आणि आपण अजून बँकेची पायरीसुद्धा चढलेलो नाही.

आता हे ४ लाख २० हजार तुमच्या हातात कधी पडतात? हातात पडतच नाहीत. आधी बँक पूर्ण कर्ज मंजूर करते, कर्जाचा पहिला टप्पा उचलला जातो, मग बँक अनुदानाची मागणी वर पाठवते. पैसे आले की ते तुमच्या कर्जखात्याला जोडलेल्या वेगळ्या खात्यात पडून राहतात, त्याला मिरर अकाउंट म्हणतात. तेवढ्या रकमेवर बँक तुम्हाला व्याज लावत नाही, हा खरा फायदा. कर्जाचा शेवटचा टप्पा उचलल्यापासून तीन वर्षं उद्योग चालू राहिला आणि खातं थकलं नाही, तरच ती रक्कम कर्जात वळती होते. मधेच शटर ओढलं तर अनुदान जातं आणि कर्ज राहतं.

हप्त्याचं गणित मांडून दाखवतो. यंत्रं आणि शेडचे १२ लाख, त्यात तुमचे किमान १० टक्के म्हणजे १ लाख २० हजार. मुदत कर्ज १० लाख ८० हजार. साडेदहा टक्के व्याज आणि पाच वर्षं धरली तर महिन्याचा हप्ता येतो साधारण २३ हजार २००. अनुदान जमा होऊन हिशेब ६ लाख ६० हजारांवर आला की तोच हप्ता १४ हजार २०० च्या आसपास. या दोन आकड्यांमधले ९ हजार म्हणजे तुमची परीक्षा. अनुदान यायला किती महिने लागतील हे ना बँक मॅनेजर सांगू शकतो, ना कृषी कार्यालय. मी तीन महिन्यांत आलेलं पाहिलंय आणि वर्ष उलटून गेलेलंही. म्हणून प्रकल्प अहवाल करताना पहिल्या वर्षाला २३ हजारांचाच हप्ता धरा. त्या आकड्यावर उद्योग तगत नसेल तर अर्जच करू नका, असं मी तोंडावर सांगतो आणि त्यामुळे माझ्याकडे फार लोक परत येत नाहीत.

खरी मेख पुढे आहे. ती अनुदानात नाही, खेळत्या भांडवलात आहे.

हळद बाजारात येते ती उन्हाळ्याच्या तोंडाला. फेब्रुवारी ते एप्रिल काढणी, शिजवणं, वाळवणं, पॉलिश, आणि मग हिंगोली-वसमतच्या बाजारात हळकुंडाचे ढीग. तुम्हाला वर्षभराची पावडर त्याच अडीच-तीन महिन्यांच्या खरेदीतून करायची आहे, नाहीतर दर महिन्याला बाजार म्हणेल त्या भावाने घ्यायचं. तुमच्या कोटेशनमधलं पल्व्हरायझर तासाला ५० किलो दळतं. आठ तासांचे चार क्विंटल. भाव समजा क्विंटलला १३ हजार. तुमच्या ६ लाखांत ४६ क्विंटल हळकुंड येतं. म्हणजे साडेअकरा दिवसांचं काम. बाराव्या दिवशी यंत्र पुसून झाकून ठेवायचं आणि दुकानदारांच्या मागे वसुलीला फिरायचं, कारण किराणावाला नव्या ब्रँडला रोख देत नाही. महिना-दीड महिना उधारी तर ठरलेलीच. त्यात या ६ लाखांवर बँक बहुधा १० टक्के मार्जिनवर, म्हणजे तुमच्या हिश्श्यावर, भागवत नाही, २० धरा. म्हणजे तुमचे आणखी १ लाख २० हजार, आणि ४ लाख ८० हजारांच्या सीसीचं, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कॅश क्रेडिट कर्जाचं, व्याज महिन्याला ४ हजार २००, यंत्र फिरो न फिरो.

मी पाहिलेल्या बंद युनिटांपैकी निम्म्याहून जास्त याच कारणाने बंद पडलेली आहेत. एका शेडमध्ये तपासणीला गेलो होतो. बाहेर योजनेच्या नावाचा बोर्ड टकाटक, आत उद्घाटनाच्या दिवशीची सुकलेली झेंडूची माळ यंत्राच्या हॉपरला तशीच अडकलेली. पोरगा प्रामाणिक होता. यंत्र कामाचं होतं. फक्त एप्रिलमध्ये माल घ्यायला पैसे नव्हते आणि ऑगस्टमध्ये भाव चढलेला होता.

यावर उपाय दोन आहेत. एक, यंत्र निम्म्या क्षमतेचं घ्या आणि वाचलेला पैसा मालात घाला. अनुदान कमी होईल. होऊ द्या. यंत्राचा आकडा फुगवला की अनुदान फुगतं, हा विचार विक्रेता तुमच्या डोक्यात घालतो, कारण विकायचं त्याला असतं. दोन, पहिली दोन वर्षं गिरणीसारखं मजुरीवर दळून द्या. शेतकऱ्यांची, बचत गटांची, मसाला करणाऱ्या बायकांची हळद घ्यायची, साफ करायची, दळून द्यायची, किलोमागे मजुरी घ्यायची. माल त्यांचा, भांडवल त्यांचं, हप्ता तुमचा सुटतो. स्वतःचा ब्रँड शेजारच्या टेबलावर हळूहळू वाढवा. ऐकायला हे साधं वाटतं आणि प्रकल्प अहवालात शोभून दिसत नाही, पण मला टिकलेली दिसली ती बहुतेक युनिटं अशीच चाललेली आहेत. तुम्ही बचत गटात असाल तर प्रत्येक सभासदामागे ४० हजारांपर्यंत बीज भांडवल गटाला मिळण्याची सोय याच योजनेत आहे, आणि ते खेळत्या भांडवलाला आणि किरकोळ अवजारांना वापरता येतं. गावातल्या गटाला विचारून बघा.

तारखांबद्दल एक गोष्ट सांगतो, कारण यात माझ्याच हातून एक फाइल गेली आहे. एका मुलाने मार्चच्या अखेरीस यंत्र उचललं. डीलर म्हणाला, एक एप्रिलपासून भाव वाढणार. बँकेचं मंजुरीपत्र निघालं मे महिन्यात. बिलाची तारीख मंजुरीच्या आधीची! घेऊन झालेल्या यंत्राला कर्ज कसं द्यायचं? आणि कर्ज नाही तर अनुदान कुठलं? मी त्याला आधीच बजावायला हवं होतं. बजावलं नाही, कारण मला वाटलं हे कुणालाही कळतं. कळत नाही. महाडीबीटीवरच्या, म्हणजे राज्याच्या ऑनलाइन अर्जाच्या पोर्टलवरच्या, ट्रॅक्टर-अवजारांच्या योजनांतही हेच, पूर्वसंमती हातात येईपर्यंत दुकानाकडे फिरकायचं नाही. डीलरला ॲडव्हान्ससुद्धा द्यायचा नाही.

आता इतर योजना. कृषी पायाभूत सुविधा निधी हा २०२० पासून आहे. त्यात अनुदान नाही, व्याजात ३ टक्के सवलत आहे, २ कोटींपर्यंतच्या कर्जावर, सात वर्षांपर्यंत. तुमच्या प्रकल्पात शिजवणं, वाळवणं, पॉलिश, साठवण हा भाग असेल तर याचा अर्ज नक्की करा. पीएमएफएमईच्या जोडीला हे घेता येतं. अर्ज वेगळ्या पोर्टलवर वेगळा करावा लागतो, आणि शाखेतला माणूस हे आपण होऊन सांगेल याची खात्री धरू नका. ६ लाख ६० हजारांवर पहिल्या वर्षी अठरा-वीस हजार वाचतात. दोन महिन्यांचं वीजबिल निघतं.

तुम्ही कृषी पदवीधर होणार, म्हणून तुमच्यासाठी एक दार असं आहे जे इतरांना नाही. ॲग्री क्लिनिक ॲग्री बिझनेस सेंटर योजना, २००२ पासूनची. हैदराबादची मॅनेज संस्था प्रशिक्षण ठरवते, नाबार्ड अनुदान देते. ४५ दिवसांचं निवासी प्रशिक्षण, फुकट. त्यानंतर प्रकल्प केला तर अनुदान सर्वसाधारण गटाला ३६ टक्के, महिलांना ४४ टक्के. वैयक्तिक प्रकल्पाची मर्यादा २० लाख. ४४ हा आकडा ३५ पेक्षा मोठा दिसतो, पण एकाच खर्चावर दोन्ही अनुदानं घेता येत नाहीत, आणि या योजनेत शेतकऱ्यांना सल्ला-सेवा देणं अपेक्षित आहे, नुसती गिरणी चालत नाही. हेही अनुदान मागूनच येतं. माझं मत विचाराल तर अनुदान कुठूनही घ्या, प्रशिक्षण मात्र इथलं चुकवू नका. चार वर्षांच्या पदवीत ताळेबंद कसा वाचायचा, सीसी आणि मुदत कर्जात फरक काय, हे कुणी शिकवलेलं नसतं. त्या ४५ दिवसांत ते शिकवतात आणि बँकेत माणसांशी गाठ घालून देतात.

आणि रावेचा, म्हणजे पदवीतल्या गावात राहून करायच्या कार्यानुभवाचा, काळ हातचा घालवू नका. कृषिकन्या म्हणून गावात गेलात की रांगोळीने गावाचा नकाशा काढायचा, बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक द्यायचं, फोटो काढायचा आणि अहवाल बांधायचा, असंच बहुतेकजणी करतात. त्याच गावात किती घरं हळद शिजवून वाळवतात, दळायला कुठे जातात, किलोमागे काय मोजतात, हे वहीत लिहून आणलं तर तुमचा बाजार सर्व्हे फुकटात होतो. बँकेच्या मुलाखतीत मी असे आकडे घेऊन आलेल्या मुलांना आणि डाउनलोड केलेला अहवाल घेऊन आलेल्या मुलांना दोन मिनिटांत वेगळं करत असे.

तारणाची काळजी तुम्ही लिहिली नाहीत, पण घरात बोलणं झालं असणार. सूक्ष्म उद्योगाच्या ठरावीक मर्यादेपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्याच्या वर सीजीटीएमएसईची, म्हणजे छोट्या उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या सरकारी ट्रस्टची, हमी असते. जमीन गहाण ठेवा असं कुणी म्हणालं तर 'हमी योजनेत बसवा' असं लेखी मागा. शेड मात्र वडिलांच्या जमिनीत बांधणार असाल तर सातबारावर काका-आत्यांची नावं सामाईक आहेत का ते आजच बघा. असतील तर संमतीपत्र आणि नोंदणीकृत भाडेकरार लागेल, आणि भावकीत संमतीपत्राला बँकेपेक्षा जास्त वेळ लागतो.

आता भावाची फी. इथे आधी एक गोष्ट ठाम: प्रवेश कॅप फेरीतूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच, घ्या. व्यवस्थापन कोट्यातून घेतला की शुल्क सवलतीचं दार बंद होतं, मग उत्पन्नाचा दाखला कितीही खरा असो. कॅपमधून आणि कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर खुल्या प्रवर्गातल्या मुलाला राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून शिकवणी शुल्काचे ५० टक्के मिळतात. इतर प्रवर्गांच्या योजना वेगळ्या, त्याही महाडीबीटीवरच. मुलींना २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास गटात शिकवणी व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, तुम्ही स्वतः त्यात बसत असाल आणि अर्ज भरला नसेल तर शेवटच्या वर्षाचा तरी भरा. शिष्यवृत्तीचं नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं. दुसऱ्या वर्षी विसरणारी मुलं पहिल्या वर्षी न भरणाऱ्यांपेक्षा जास्त असतात.

मेसचे आणि खोलीचे पैसे त्यात नाहीत. त्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. साडेतीन एकर म्हणजे दोन हेक्टरच्या आत, तेव्हा तहसीलमधून वडिलांचा अल्पभूधारक असल्याचा दाखला काढा. जूनमध्ये सेतूत रांगा लागतात, एप्रिलमध्येच काढून ठेवा.

एवढं करूनही फी उरलीच तर शैक्षणिक कर्ज घ्या. ४ लाखांपर्यंत स्वतःचा हिस्सा लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत हमी योजनेत तारण लागत नाही, आणि परतफेड अभ्यासक्रम संपून वर्षानंतर सुरू होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मीत ८ लाखांच्या आत उत्पन्न असणाऱ्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणकाळात ३ टक्के व्याज सवलत आहे, पण ती ठरावीक दर्जाच्या संस्थांच्या यादीपुरतीच. कॉलेजचं नाव यादीत आहे का, ते प्रवेशाचा पर्याय भरण्याआधी बघा.

हे दोन्ही प्रश्न तुम्ही वेगवेगळे विचारलेत, मला मात्र ते एकच दिसतात. आपल्याकडे फी भरायची वेळ आणि पीककर्ज हातात यायची वेळ जवळपास एकच, जून-जुलै. मग बाप पीककर्जातून फी भरतो. हळदीला खत उधारीवर येतं. मार्च उजाडला की सोसायटीत किंवा बँकेत नवं-जुनं करायचं, म्हणजे जुनं कर्ज भरून लगेच नवं उचलायचं, त्यासाठी चार दिवसांसाठी सावकाराकडून पैसे. वेळेत भरलं तर ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज आपल्या राज्यात बिनव्याजी पडतं, केंद्राची आणि राज्याची सवलत मिळून. एखाद्या वर्षी तारीख चुकली की ती सवलत जाते, वडिलांच्या नावावर थकबाकीचा शिक्का बसतो, आणि तुमच्या यंत्राच्या फाइलवर सहकर्जदार म्हणून त्यांचीच सही असते. पोराच्या फीमुळे लेकीचं कर्ज अडलेलं मी टेबलापलीकडून पाहिलंय, आणि नियमाप्रमाणे 'नाही' म्हणणारा मीच होतो. म्हणून भावाच्या फीला शैक्षणिक कर्ज, हळदीला पीककर्ज, यंत्राला मुदत कर्ज. एकातला पैसा दुसऱ्यात घालू नका, चार दिवसांसाठीसुद्धा.

एजंटांबद्दल थोडक्यात. 'अनुदान काढून देतो, दहा टक्के द्या' असं म्हणणारा भेटला तर चहा पाजून वाटेला लावा. पीएमएफएमईत अर्ज भरायला, अहवाल करायला मदत करणारी जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेली असते आणि तिचं मानधन प्रत्येक मंजूर प्रकरणामागे सरकार देतं. तुमच्याकडून एक रुपया घ्यायचा नाही. नाव आणि नंबर जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात मिळतो. तिथे गेल्यावर योजनेची मुदत आणि यंदाचं उद्दिष्ट शिल्लक आहे का, हेही विचारा. उद्यम नोंदणी फुकट आहे, ती मोबाइलवर स्वतः करा.

तर घरून किती घालावे लागतील? तुमच्या आत्ताच्या आकड्यांवर २ लाख ४० हजार मार्जिनचे, शिवाय थ्री फेजची जोडणी, अन्न परवाना, पहिल्या दोन-तीन महिन्यांचा हप्ता आणि पाकिटांची छपाई. साडेतीन लाख बाजूला असल्याशिवाय बँकेत जाऊ नका. तेवढे नसतील तर निम्म्या क्षमतेच्या यंत्राचं कोटेशन मागवा, मजुरीवर दळणं धरून अहवाल नव्याने करा. आणि जाण्याआधी जवळपासच्या एखाद्या चालू युनिटवर एक दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसा. मालकाला अनुदानाचं विचारू नका, गेल्या बारा महिन्यांची वीजबिलं दाखवता का, एवढंच विचारा. यंत्र वर्षातून किती दिवस फिरलं ते त्यावरून कळतं. ते आकडे आणि नवं कोटेशन हातात आलं की सांगा, हप्ता पुन्हा काढू.